मालमोटारीचा गिअरबॉक्स : हमीची मुदत सरण्यापूर्वीं करावयाची परीक्षा

बैल विकत घेतांना त्याचे दांत पाहण्याची चाल आपल्या शेतकरीवर्गांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दांतांवरून वय कळतें, वयावरून पुढें किती काम होईल याचा अंदाज येतो, आणि मगच सौदा ठरतो. आतां कोल्हापूर जिल्ह्यांतील पुष्कळ बागाइतदारांच्या दारांत बैलजोडीच्या जागीं लहान मालमोटार उभी असलेली दिसते. सन २००५ मध्यें टाटा कंपनीनें ‘एस’ नांवाची लहान मालमोटार बाजारांत आणली व लोकांनीं ‘छोटा हत्ती’ या नांवानें तिला आपलेंसें केलें. तिच्याहून अधिक वजन वाहणाऱ्या पिकअप मोटारीही खेडोपाडीं रुळल्या. भाजीपाला, दूध, गुळाच्या ढेपा, खतें, ऊंसाचें बेणें, वैरण, हें सर्व त्यांतूनच जातें. या नव्या जनावरालाही दांत आहेत. ते पोलादाचे असून एका बंद पेटींत तेलानें माखलेले असतात. मात्र ते पाहण्याची चाल आपल्यांत अद्याप पडलेली नाहीं. ते केव्हां पाहावे व कसे पाहावे, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

“हमीची मुदत संपली आणि दोन महिन्यांतच गिअरबॉक्स गेला,” अशी तक्रार मोटारमालकांच्या बोलण्यांत वारंवार येते. कांहीं जण तर कारखानदारानें यंत्रच तेवढ्या दिवसांपुरतें केलें असावें, असा तर्क करतात. तक्रार खोटी नसते. पण तर्क मात्र बहुधा अपुरा असतो. गिअरबॉक्स एका दिवसांत मरत नाहीं. त्याची झीज महिनोन्‌महिने चाललेली असते, आणि तिच्या खुणा हमीच्या मुदतींतच दिसूं लागतात. त्या आपण पाहत नाहीं, पाहिल्या तरी लिहून ठेवीत नाहीं, आणि मुदत सरल्यावर जागे होतों. तहान लागल्यावर विहीर खणावयाची, तशांतला हा प्रकार होतो.

मुदत खरोखर किती?

हमीपत्रांत दोन मर्यादा दिलेल्या असतात. एक काळाची व दुसरी अंतराची. दोहोंपैकीं जी आधीं पुरी होईल, तिच्याबरोबर हमी संपते. समजा, एका गाडीस तीन वर्षें किंवा एक लाख किलोमीटर अशी हमी आहे. कोल्हापूर ते वाशीचा बाजार हें अंतर सुमारें ३८० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७६०. आठवड्यास तीन खेपा केल्यास २,२८० किलोमीटर होतात. या हिशेबानें एक लाख किलोमीटर अवघ्या चव्वेचाळीस आठवड्यांत, म्हणजे वर्ष भरण्यापूर्वींच, पुरे होतात. मालक तीन वर्षांच्या भरंवशावर असतो आणि हमी पहिल्याच वर्षीं गेलेली असते.

उलट, ज्याची गाडी शेत, दूध-संस्था व तालुक्याचा बाजार एवढ्यांतच रोज चाळीस किलोमीटर फिरते, तिचे तीन वर्षांत ४३,८०० किलोमीटरच होतात. तिची हमी काळानें संपते. या दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स पंचेचाळीस हजारांवर गेला, तर तो खरोखर अकालीं गेला असें म्हणावें लागेल. पहिल्या गाडीचा सव्वा लाखावर गेला तर विचार निराळा. म्हणून “मुदतीनंतर किती दिवसांनीं मोडला” हा प्रश्न दुय्यम आहे. “किती किलोमीटरांवर, किती भारानें व कोणत्या तेलावर मोडला” हा खरा प्रश्न होय.

पेटीच्या आंत काय असतें?

इंजिन वेगानें फिरतें, पण त्याचा जोर मर्यादित असतो. चढावर किंवा भरल्या गाडीस वेग थोडा व जोर जास्त हवा असतो. ही अदलाबदल गिअरबॉक्स करतो. इंजिनाचें फिरणें क्लचमधून पहिल्या दांड्यावर येतें, तेथून खालच्या दांड्यावर, ज्यास मिस्त्री लोक लेशाफ्ट म्हणतात, आणि तेथून मेन शाफ्टवर जाऊन मागच्या चाकांकडे जातें. दोन दांड्यांवरील दांत्यांच्या चक्रांच्या जोड्या पुढच्या चालीसाठीं सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. गिअर बदलतांना आपण त्यांपैकीं एक जोडी मेन शाफ्टशीं जखडतों. जखडण्यापूर्वीं दोघांचा वेग सारखा करण्याचें काम सिंक्रो रिंग नांवाचें कडें करतें. हें कडें बहुधा पितळेचें असतें, ही गोष्ट पुढें उपयोगी पडणार असल्यानें ध्यानांत ठेवावी.

लहान मालमोटारींच्या पेटींत तेल थोडेंच, सर्वसाधारणपणें दोन लिटरांच्या आसपास असतें. आणि तें पोंचविण्यास बहुधा निराळा पंपही नसतो. खालच्या दांड्यावरील चक्रें तेलांत बुडून फिरतात व तेल वर उडवितात. त्या शिंतोड्यांवर वरचीं बेअरिंगें जगतात. तेल अर्धा लिटर कमी झालें, तर खालचीं चक्रें ओलीं राहतात आणि वरचीं बेअरिंगें कोरडीं पडतात. चढावर गाडीचें तोंड वर होऊन उरलेलें तेल मागें सरतें, तेव्हां पुढच्या बेअरिंगाची उपासमार आणखी वाढते. गगनबावड्याचा करूळ घाट, आंबा घाट, फोंडा किंवा आंबोली घाट नेहमीं चढणाऱ्या गाडीनें तेलाच्या पातळीबाबत अधिक दक्ष असावें, तें याच कारणानें.

झिजेचीं चार कारणें

पहिलें कारण तेल. गिअरबॉक्सचें तेल व मागच्या आंसाच्या डिफरन्शियलचें तेल हीं पुष्कळ गाड्यांत निरनिराळीं असतात. डिफरन्शियलमधील दांते एकमेकांवर फार दाबानें घसरतात, म्हणून त्यास जीएल-५ दर्जाचें तेल लागतें. त्यांत गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्यें अधिक प्रमाणांत असतात. गिअरबॉक्ससाठीं जीएल-४ सांगितलेलें असतांना तेथें हेंच तेल घातलें, तर तीं द्रव्यें पितळी सिंक्रो रिंगेस मारक होऊं शकतात. एकाच डब्यांतून दोन्हीं ठिकाणीं तेल ओतणें सोयीचें वाटतें. पण त्या सोयीची किंमत वर्षभरानें द्यावी लागते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत दर्जा व दाटपणा, जसें ७५डब्ल्यू-८० किंवा ८०डब्ल्यू-९०, स्पष्ट छापलेला असतो. तेवढेंच तेल घालावें. घाट, चिखल व भरगच्च भार यांत चालणाऱ्या गाडीसाठीं त्याच पुस्तकांत कठीण वापराची म्हणून तेल बदलण्याची निराळी मुदत दिली असल्यास आपली मुदत तीच समजावी.

दुसरें कारण पाणी. गिअरबॉक्स तापल्यावर आंतली हवा बाहेर जाण्यास वरच्या बाजूस एक लहान श्वासनळी असते. तापलेली पेटी एकाएकीं पाण्यांत शिरली, म्हणजे आंतली हवा आकसते व त्या नळीवाटें किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आंत ओढलें जातें. आपल्या भागांत ही गोष्ट केवळ पुस्तकी नाहीं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेच्या पाण्यानें शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांतील गांवें वेढलीं गेलीं आणि पुणें-बंगळूर महामार्गही बंद पडला. अशा पुरांत बुडालेल्या किंवा पाण्यांतून हांकलेल्या गाड्यांचें इंजिन लोक तपासून घेतात, पण गिअरबॉक्स व मागचा आंस तसेच राहतात. पाणी मिसळलेलें तेल दुधाच्या चहासारखें दिसतें. तें वंगण राहत नाहीं. शिवाय बेअरिंगांवर गंज धरतो, आणि गंजाचा एक बारीक ठिपका पुढें सबंध बेअरिंग फोडतो. सबब गाडीच्या आंसापर्यंत पाणी आलें असेल, तर दोन्हीं ठिकाणचें तेल न चुकतां काढून पाहावें.

तिसरें कारण भार. गाडीचें स्वतःचें वजन दीड टन व परवानगीचा माल दीड टन धरल्यास एकूण तीन टन होतात. दीड टनांच्या ऐवजीं सव्वादोन टन माल भरला, तर एकूण वजन पावणेचार टन, म्हणजे सव्वापट होतें. चढावर ओढण्याचा जोरही जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढतो. आतां बेअरिंगाचा धर्म असा आहे कीं, त्यावरील दाब वाढला म्हणजे आयुष्य दाबाच्या घनाच्या प्रमाणांत घटतें. सव्वाचा घन जवळजवळ दोन. म्हणजे सव्वापट दाबाखालीं आयुष्य निम्में. दाब दुप्पट झाला तर आयुष्य अष्टमांश. इंजिनाचा जोर पुरेनासा झाला कीं चालक खालचा गिअर घेतो. मग त्याच अंतरास इंजिन व खालचा दांडा अधिक फेरे घेतात आणि तेलही तापतें. तेलाची उष्णता दर दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यानें घटतें, असा यंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. एका खेपेंत पाऊण टन माल जास्त नेऊन वांचविलेलें भाडें कोठें जातें, तें यावरून दिसून येईल. नाकापेक्षां मोती जड झाला म्हणजे नाकच फाटावयाचें.

चौथें कारण चालकाचा हात व पाय. क्लचच्या पायट्यावर सतत पाय ठेवून चालविल्यानें क्लच बेअरिंग व प्लेट झिजते. क्लच पुरा न दाबतां गिअर टाकल्यानें सिंक्रो रिंग घासते. गिअरच्या दांड्यावर हात विसावून ठेवण्याची संवय पुष्कळांस असते. त्या वजनानें आंतला कांटा फिरत्या कड्यावर घासत राहतो. उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलवर सोडणें तर दुहेरी घातक आहे. ब्रेक तापून निकामी होण्याची भीति असतेच; शिवाय मेन शाफ्ट वेगानें फिरत असतांना तेल उडविणारा खालचा दांडा मंद फिरतो. बंद पडलेली गाडी मागचीं चाकें जमिनीवर ठेवून दूरवर ओढून नेल्यासही हेंच घडतें. इंजिन बंद, खालचा दांडा स्थिर, वरचा मात्र कोरडाच फिरत राहतो. अशा वेळीं मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून मगच गाडी ओढावी.

मुदतीपूर्वींची परीक्षा

हमीची कोणतीही मर्यादा संपण्यास एक महिना किंवा पांच हजार किलोमीटर राहिले असतां पुढील परीक्षा करावी. ती कंपनीच्या अधिकृत दुरुस्तीगृहांतच व आपल्या डोळ्यांसमोर करवून घ्यावी. बाहेर पेटी उघडल्यास हमीच नाकारली जाण्याचा संभव असतो.

आवाजाची परीक्षा अशी. गाडी उभी ठेवून इंजिन सुरू करावें व गिअर न्यूट्रलवर ठेवावा. घरघर ऐकूं येत असून क्लच दाबतांच ती थांबली, तर दोष बहुधा पहिल्या किंवा खालच्या दांड्याच्या बेअरिंगांत असतो. आवाज नसून क्लच दाबल्यावर तो सुरू झाला, तर दोष क्लच बेअरिंगांत. मग गाडी चालवून पाहावी. एकाच गिअरमध्यें आवाज येत असेल तर त्या जोडीचे दांते तपासावे. गिअर टाकतांना खरखर होत असेल तर सिंक्रो रिंग झिजली आहे किंवा क्लच पुरा सुटत नाहीं. चढावर वा उतारावर गिअर आपोआप निसटत असेल, तर जखडणारे दांते किंवा कांटा झिजल्याची शंका घ्यावी.

तेलाची परीक्षा याहून बोलकी आहे. गाडी थोडी चालवून तेल कोमट असतांना स्वच्छ भांड्यांत काढावें व पांढऱ्या फडक्यावर थोडें पसरावें. खालच्या बुचास लोहचुंबक असल्यास त्यावर गंधासारखा बारीक राखाडी लेप दिसेल. तो नेहमींच्या झिजेचा असून त्याची भीति नको. पण चुंबकास पोलादाचे कण किंवा पापुद्रे चिकटले, तर दांते अथवा बेअरिंगें फुटूं लागलीं असें समजावें. चुंबकास न चिकटणारे सोनेरी कण पितळी रिंगेचे असतात. दुधाळ तेल पाण्याचें, व काळें, जळक्या वासाचें तेल उष्णतेचें लक्षण होय.

या परीक्षेंत जें आढळेल तें जॉब कार्डावर लिहविल्याशिवाय गाडी बाहेर काढूं नये. “पाहिलें, कांहीं नाहीं, चालवा” हें तोंडी उत्तर घेऊन परतणें म्हणजे हमीवर पाणी सोडणें. “तिसऱ्या गिअरमध्यें आवाज, तेलांत धातूचे कण, किलोमीटर अमुक, तारीख अमुक” एवढीं चार वाक्यें लिहून, सहीची प्रत आपल्याजवळ ठेवावी. दुरुस्तीगृहानें लिहिण्यास नकार दिला, तर त्याच दिवशीं कंपनीस टपालानें किंवा ई-मेलनें कळवावें. मुदतींत नोंदलेला व पुरता दुरुस्त न झालेला दोष पुढें वाढला, तर केवळ “आतां मुदत संपली” एवढ्या उत्तरावर कंपनीस तो सहज झटकतां येत नाहीं. न नोंदलेला दोष मात्र खरा असूनही सिद्ध करणें कठीण जातें.

मुदतीनंतर मोडल्यास

कोल्हापुरांत शिवाजी उद्यमनगर व शिरोली-गोकुळ शिरगांवच्या औद्योगिक वसाहती यांमुळें कुशल कारागिरांची वाण नाहीं. तरी पेटी उघडतांना तीन नियम पाळावे. एक, आंत काय मोडलें यापेक्षां कां मोडलें हें आधीं ठरवावें. कारण न काढतां नवें चक्र बसविल्यास तेंही त्याच वाटेनें जातें. दोन, एकमेकींत फिरणारीं दोन चक्रें जोडीनेंच बदलावीं, व पेटी उघडलीच आहे तर सर्व बेअरिंगें व सील तपासून घ्यावीं. तीन, मोडलेला एकही तुकडा भंगारांत देऊं नये.

हे तुकडे म्हणजे साक्षीदार आहेत. दांत्यांच्या अंगावर बारीक खड्डे पडले असतील तर फाजील दाब किंवा निकृष्ट तेल. निळसर-काळे, ओरखडलेले दांते असतील तर तेलाचा अभाव. तुटलेल्या भागावर पाण्यावरील तरंगांसारख्या वळ्या दिसल्या तर तडा पुष्कळ दिवसांचा. आणि सबंध भाग खडबडीत, दाणेदार असेल तर तो एकाच धक्क्यानें तुटला. दांत्याचा पृष्ठभाग कारखान्यांत उष्णतेची क्रिया करून कठीण केलेला असतो. धातुपरीक्षेंत तो ठरलेल्यापेक्षां नरम निघाला, तर दोष चालकाचा नसून कारखान्याचा ठरूं शकतो. पेटी उघडतांना छायाचित्रें घ्यावीं, आणि मोठा दावा करावयाचा असेल तर उघडण्यापूर्वींच कंपनीस लेखी सूचना देऊन तिचा माणूस बोलवावा.

कायद्याची बाजू थोडक्यांत अशी. सन २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें वस्तूस दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ती तक्रारदार जेथें राहतो तेथेंच करतां येते; कंपनीच्या गांवीं जावें लागत नाहीं. किंमत पांच लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. पांच ते दहा लाखांपर्यंत ती दोनशें रुपये आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल करावी लागते. प्रथम सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

“गाडी धंद्यासाठीं घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाहीं,” असा बचाव कंपनीकडून होऊं शकतो. स्वयंरोजगारानें आपला चरितार्थ चालविण्यासाठींच घेतलेली वस्तु कायद्यानें व्यापारी उपयोगांतून वगळली आहे. सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यांत, स्वतः चालविण्यासाठीं ट्रक घेणारा मनुष्य ग्राहक ठरतो, असें उदाहरणच दिलें आहे. पगारी चालक ठेवून अनेक गाड्या भाड्यानें फिरविणाऱ्याची बाजू मात्र लंगडी पडते. दुसरें असें कीं, कारखान्याचा दोष सिद्ध करण्याचें ओझें तक्रारदारावर असतें. तज्ज्ञाचा अहवाल, तेलाच्या पावत्या, जॉब कार्डें व वजनकाट्याच्या चिठ्ठ्या नसतील, तर खरी बाजूही हरते. जादा मालाच्या चिठ्ठ्या पुढें आल्या, तर ती आपणच आपल्याविरुद्ध दिलेली साक्ष होय. मोटार विम्याचा आधारही येथें मिळत नाहीं. नेहमींच्या विम्यांतून यांत्रिक बिघाड वगळलेला असतो.

संस्थांनीं काय करावें?

एकट्या शेतकऱ्याचा एक मोडका गिअरबॉक्स ही योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देतां येते. पण एकाच गांवांतील एकाच बनावटीच्या पांच गाड्यांचें तेंच बेअरिंग पन्नास हजार किलोमीटरांच्या आंत गेलें, तर तो योगायोग राहत नाहीं. यासाठीं प्रत्येक गांवच्या विकास सेवा संस्थेनें किंवा दूध-संस्थेनें सभासदांच्या गाड्यांची एक साधी वही ठेवावी. गाडीची बनावट, घेतल्याची तारीख, हमीच्या दोन्हीं मर्यादा, तेल बदलल्याचे किलोमीटर, व बिघाड झाल्यास त्याचें स्वरूप, एवढे पांच रकाने पुरेत. हमी संपण्याच्या महिनाभर आधीं सभासदास आठवण करून देणें, हें काम चिटणिसास जड नाहीं. सारख्याच हिताच्या अनेक ग्राहकांस आयोगाच्या परवानगीनें एकत्र तक्रार करण्याची मुभा कायद्यांत आहे. ती मुभा अशा वहीशिवाय निरुपयोगी आहे.

ऊंसाचा हंगाम, भाजीचा तेजीचा आठवडा किंवा पुराच्या आधींची घाई, अशा वेळींच गाडी बंद पडली म्हणजे नुकसान दुरुस्तीपुरतें राहत नाहीं. माल कुजतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. दोन लिटर तेल, एक पांढरें फडकें, आणि जॉब कार्डावरील चार ओळी एवढ्या खर्चांत हें संकट पुष्कळ अंशीं टळण्यासारखें आहे. ज्यांच्या गाडीच्या हमीची मुदत चालू आहे, त्यांनीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं आपलें हमीपत्र काढून दोन्हीं मर्यादा व गाडीच्या मीटरचा आंकडा ताडून पाहावा.